कस

दुपारभर मी सराफ्यात दगडावर सोनं घासतो.
काळ्या दगडावर पिवळी रेघ, रेघेवर तेजाबाचा थेंब;
टिकली ती खरी, उडालं ते पितळ.
आडनाव पोतदार. दुसरं काही जमलंही नसतं.

रात्री शटरं पडतात
आणि त्याच ओट्यांवर कढया चढतात,
गराडू, जलेबा, केशराचं दूध.
ते सगळं सोडून माझी बहीण म्हणाली,
मला हॉट चॉकलेट पाहिजे.

कुमुदिनी, वय एकसष्ट,
भूगोल शिकवून निवृत्त. साखर तीनशेच्या घरात.
डॉक्टर इनामदारांनी हिशेब करून दिलाय:
आठवड्याला दोन घोट. पेला नाही, घोट.
"दोनच ना," ती म्हणाली, "मग शहरातले सगळ्यात चांगले शोध.
घाना, आयव्हरी कोस्ट,
तीस वर्षं फळ्यावर कोको पिकवला मी.
चाखला कुठे?"

मग दर गुरुवारी माझी जुनी स्कूटर,
मागे ती, कानाला मफलर.
तिचे दोन घोट, उरलेला पेला माझा,
आणि वहीत मी माझ्या भाषेत लिहायचो.

छप्पनवरचं: चौदा कॅरेट. वरून मुलामा.
विजयनगरच्या मॉलमधलं, दोनशे ऐंशी रुपये,
फेसावर बदाम काढलेला.
कुमू म्हणाली, फेस घोटात धरायचा का?
मी धरला नाही. तिला तिसरा मिळाला.
पलासियाचं अठरा, पण कॉर्नफ्लोअरचं डाक फार.
राजवाड्यामागे एक जण
कसली तरी ताकदीची पावडर ढवळून
हॉट चॉकलेट म्हणून खपवत होता;
त्याच्या नावापुढे मी नुसता थेंब काढला.

बिनसाखरेचं मिळेल का, ती सगळीकडे विचारायची.
सगळीकडे एकच उत्तर: पावडरीतच असते, मॅडम.
पुढे पुढे विचारायचीही थांबली.

जानेवारी संपत आला तेव्हा भंवरकुआं,
कोचिंग सुटल्यावर पोरं उभी राहतात तिथली टपरी.
पोरगा धारचा. दूध समोर उकळतंय,
कोकोचा डबा वेगळा, साखरेचा वेगळा,
मांडीवर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, पानावर दुधाचे डाग.
तिनं पहिला घोट घेतला.
दुसरा.
मी हात पुढे केला. ग्लास आला नाही.
तिसरा. चौथा.
मी म्हणालो, कुमू.
ती म्हणाली, थांब.
थांबलो.
मागे एक मुलगी फोनवर घरी मार्क सांगत होती,
दोनदा तेच सांगत होती.
तळाचा गाळसुद्धा बोटानं घेतला बहिणीनं.

तेवढ्यात पोरानं कपाळावर हात मारला:
"अरे आंटी, शक्कर डालना तो भूल ही गया!"
"कडू आहे," ती हळूच मला म्हणाली, "पण लबाड नाही."

चोवीस, मी लिहिलं. वहीत पहिल्यांदा.
चोवीसचा दागिना घडत नाही, फार मऊ असतं,
बोटानंसुद्धा वाकतं.
हे तिला सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती पाचपासूनच मफलर बांधून बसलेली.
पोरानं लांबून ओळखलं. ग्लास दोनदा विसळला,
दूध जास्त घेतलं,
आणि आम्ही तोंड उघडायच्या आत
दोन मोठे चमचे, शीग भरून.
"पिछली बार की भी इसी में डाल दी, आंटी."
पैसे घेईना.

बोलायला हवं होतं तिनं.
तीस वर्षं वर्ग गप्प बसवलेली बाई.
त्याच्याकडे बघत तिनं दोन घोट घेतले, मोजून,
"बढ़िया," म्हणाली,
आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

नवलख्याच्या सिग्नलला
मफलरमधून आवाज आला:
"वहीतला आकडा खोडू नकोस हं."